तीस टाके

तपासणीच्या टेबलावर गोळ्यांच्या तीन रिकाम्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीला दहा खळगे, सगळे फुटलेले. शेजारी पांढऱ्या कापडाची वीतभर चिंधी होती आणि तिच्यावर पंधरा लाल आणि पंधरा निळे टाके, जोडीजोडीने, फूटपट्टी लावल्यासारखे सरळ. एक टॉवेल, उलटी पुसलेला एक रुमाल, एक संमतीपत्र, एक पेन. मधोमध बटण नावाचा कुत्रा होता, चारही पाय फाकवून, हनुवटी टेबलाला टेकवून. त्याचे डोळे मिनिटाला ब्याऐंशी वेळा वर-खाली उडत होते. धाकट्या डॉक्टरने ते घड्याळ लावून मोजलं होतं. तिला तेवढा वेळ मिळाला, कारण मोठे डॉक्टर आत चहा पीत होते.

संमतीपत्रावर पाचची वेळ घातली होती. पाच वाजता बटणाला शेवटचं इंजेक्शन द्यायचं होतं. आता साडेचार वाजले होते.

मोठ्या डॉक्टरांचा हा दवाखाना तीस वर्षांचा होता, आणि त्यातली पहिली दहा वर्षं त्यांनी काहीतरी वाचलं असावं, असा धाकटीचा अंदाज होता. नंतर त्यांनी फक्त फोटो काढून घेतले. बक्षीस मिळवलेल्या कुत्र्यांबरोबर, फीत कापताना, कात्री नसतानाही फीत कापण्याच्या पवित्र्यात. केबिनच्या चारपैकी तीन भिंती त्या फोटोंनी भरल्या होत्या आणि चौथ्या भिंतीवर आरसा होता. वजनकाटाही होता दवाखान्यात, पण तो कोपऱ्यात नमुन्याच्या शॅम्पूच्या खोक्यांखाली गाडला गेला होता. मोठे डॉक्टर जनावराला काखेत धरून उचलत, डोळे मिटत आणि आकडा सांगत. लोक थक्क होत. ज्याचं वजन कधी कुणी पुन्हा करणारच नाही, त्याचा आकडा सांगायला डोळे मिटण्याची तरी काय गरज, असं धाकटीला वाटे.

आठ महिन्यांत तिला या तिरस्काराची चांगलीच गोडी लागली होती. मोठ्या डॉक्टरांची प्रत्येक चूक ती मनात टिपून ठेवी आणि जेवताना एकटीच चघळत बसे. तोंडाने मात्र "हो सर." अनुभवाचं पत्र त्यांच्याकडूनच मिळायचं होतं.

आज सकाळी त्यांनी बटणाकडे मिनिटभर पाहिलं होतं. "डोळे उभे उडतायत. म्हणजे बिघाड मेंदूत. मेंदूत म्हणजे गाठ. गाठ म्हणजे…" आणि त्यांनी इंजेक्शनच्या कपाटाकडे बोट दाखवलं होतं.

यातली पहिली दोन वाक्यं बरोबर होती, हे तिला नाइलाजाने मान्य करावं लागलं. कानातला तोल बिघडला तर डोळे बहुधा आडवे उडतात, उभे उडाले तर मूळ मेंदूत शोधावं. पण पुढचं सगळं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

तिने बटणाचा पुढचा डावा पंजा उलटा करून टेबलावर टेकवला. धडधाकट कुत्रा असा पंजा क्षणात सरळ करतो. बटणाला चार सेकंद लागले. उजवा पंजा, चार सेकंद. मागचे दोन्ही, पाच-पाच. तिने पुन्हा करून पाहिलं. डावं-उजवं अगदी सारखं. मेंदूतली गाठ सहसा एका बाजूला घर करते आणि त्या गाठीइतकं पक्षपाती दुसरं काही नसतं. इथे तर सगळा कारभार समसमान बिघडला होता, जणू कुणी अख्ख्या मेंदूवरच काहीतरी ओतलं होतं.

"मावशी, या पट्ट्या कसल्या?"

टेबलापलीकडे बटणाची मालकीण उभी होती. शिंपीणबाई. गळ्यात मोजमापाची टेप तशीच होती, दुकानातून उठून आलेल्या. बटणाच्या छातीवर एकच काळा वाटोळा ठिपका होता, त्यावरून त्यांनीच त्याचं नाव ठेवलं होतं.

"जुलाबाच्या गोळ्या. तुमच्याच मोठ्या डॉक्टरांनी दिलेल्या. दाखवायला लागतील म्हणून फेकल्या नाहीत, घेऊन आले."

"सगळ्या दिल्या?"

"म्हणजे काय? ही चिंधी दिसत नाही का? सकाळची दिली की लाल टाका, रात्रीची दिली की निळा. लिहायचा कंटाळा येतो मला. सुई हातात असतेच."

"एखादी राहिली असेल, थुंकली असेल…"

"पोरी," शिंपीणबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं कापड कापतेय. कापलेलं परत जुळत नाही. माझ्याकडून एखादी राहत नाही."

"आणि हा धडपडायला कधी लागला?"

"तेराव्या दिवशी. फोन केला होता की मी. तुमचा कंपाउंडर म्हणाला, थांबा, सरांना विचारतो. मागून सरांचा आवाज आला, कोर्स पूर्ण करा म्हणावं. केला पूर्ण. काल रात्री शेवटचा निळा."

धाकटीने कार्ड काढलं. पंधरा दिवसांपूर्वीची तारीख. वजन बारा किलो, अंदाजे. मेट्रोनिडाझोल चारशे, सकाळी एक, रात्री एक, पंधरा दिवस. अक्षर तिचंच होतं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तिने लिहून घेतलं होतं. 'अंदाजे' हा शब्द तेवढा त्यांनी सांगितला नव्हता, तो तिने स्वतःच्या पदरचा घातला होता. तो लिहिताना आपण कसल्या खुशीत होतो, हे तिला लख्ख आठवलं. सरांना टोमणा मारला होता तिने, त्यांना कधीच न कळेल असा. कुत्र्याकडे तिने तेव्हा पाहिलंही नव्हतं.

ती कोपऱ्यात गेली आणि शॅम्पूची खोकी उतरवू लागली.

"पुस्तक, हे काय आरंभलंयस?" दारातून कंपाउंडर काका म्हणाले. तिला ते याच नावाने हाक मारत. "सरांना विचारलंस का?"

"काका, काटा चालतो का हा?"

"न चालायला काय झालं? कुणी वापरलाय कुठे!"

अकरा खोकी, दोन मोडके पिंजरे आणि एक जुना पंखा निघाला. खालून काटा निघाला, नवाकोरा, काचेवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा न काढलेला. तिने आधी दोन किलोची पिठाची न फोडलेली पिशवी ठेवून काटा तपासला. ती काकांची होती, घरी न्यायला आणलेली. मग बटणाला ठेवलं. सात किलो चारशे ग्रॅम.

दिवसाला आठशे मिलिग्रॅम भागिले सात पूर्णांक चार. किलोमागे एकशे आठ. साठच्या पुढे गेलं की हेच औषध मेंदूला बाधतं. या वजनाच्या कुत्र्याला वेळेला पाव गोळी पुष्कळ झाली असती, आणि आठवडाभर. तिने आकडेमोड तीनदा केली. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, तेव्हा ती केबिनमध्ये शिरली. पाचला बारा मिनिटं कमी होती.

मोठे डॉक्टर आरशाकडे तोंड करून बसले होते. "सही झाली बाईंची?"

"सर, गाठ नाहीये ती. गोळ्या जास्त झाल्यात. वजन सात पूर्णांक चार आहे, बारा नाही."

"वजन केलंस?" झुरळ दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला. "कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"हे बघ, आम्ही जनावरं बघत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस. बारा काय, सात काय! एवढ्याशा फरकाने कुत्रा मरतो का?"

"बारा किलो धरलं तरी अर्धी गोळी पुरली असती सर. आपण एक दिली."

"दिलीच." ते आता मोकळेपणाने हसले, शिष्याला गुपित सांगावं तसे. "तीस वर्षांचा अनुभव ऐक. लोक निम्म्याच गोळ्या देतात. कुणी विसरतो, कुणाचं कुत्रं थुंकतं, कुणी दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडून देतो. म्हणून आपण दुप्पट लिहायची. दिवसही दुप्पट. निम्मं पोटात गेलं की हिशेब बरोबर. हे पुस्तकात नसतं."

"आणि कुणी सगळ्या दिल्या तर?"

"तीस वर्षांत एकाने दिल्या नाहीत."

"मी दिल्या ना," दारातून शिंपीणबाई म्हणाल्या. बटण त्यांच्या काखेत होता आणि ती चिंधी मुठीत.

केबिनमध्ये एवढे फोटो असूनही त्या क्षणी मोठ्या डॉक्टरांना बघायला कुठली भिंत सापडेना.

"बाई, तुम्ही बाहेर बसा. ही वैद्यकीय चर्चा आहे."

"ऐकली मी चर्चा. गिऱ्हाईक जेवून जाड होईल म्हणून मी कधी दुप्पट मापाचा कोट शिवलाय का? माप घेते मी. ही गळ्यात लटकतेय ती टेप शोभेची नाही. आणि तुमचा तो काटा? त्याच्यावर तर शॅम्पूचं दुकान मांडलं होतं!"

"बाई, आता भावनेच्या भरात…"

"भावनेच्या भरात मी त्याला फासावर चढवायला निघाले होते. तुमच्या शब्दावर. पाच वाजता." त्या धाकटीकडे वळल्या. "आणि काय गं, त्या दिवशी तूही होतीस ना इथे? तूच लिहीत होतीस."

"होते."

"यांनी डोळे मिटून आकडा सांगितला, तेव्हा तुला कळलं नाही?"

"कळलं."

"मग?"

धाकटीला खोटं सुचलं होतं, आणि ते चांगलं खोटं होतं. पण त्या चिंधीकडे पाहून ते तोंडातून निघेना. "हसले. मनातल्या मनात."

"वा!" शिंपीणबाई म्हणाल्या. "म्हणजे एकाला मोजायचं नाही आणि दुसरीला बोलायचं नाही. मनातल्या मनात हसायचा पगार देता वाटतं हो डॉक्टर, इथे?"

दोघांनीही एकदम फरशीकडे पाहिलं. आठ महिन्यांत मोठ्या डॉक्टरांचं आणि धाकटीचं हे पहिलं एकमत.

"बरा होईल का हा?" शिंपीणबाईंनी विचारलं, आणि एवढं विचारताना मात्र त्यांचा आवाज उसवला.

"गोळी थांबली की होतात बहुतेक. सलाईन लावू, आणि आकडीवर देतात ते इंजेक्शन दिलं तर गोळ्यांचा अंमल लवकर उतरतो. दोन-तीन दिवसांत फरक दिसला पाहिजे. नाही दिसला तर मी चुकले."

"चुकलीस तर?"

"तर तुमच्यासमोर कार्डावर तसं लिहीन."

मोठ्या डॉक्टरांनी हात झटकले. "कर काय करायचंय ते. पाचला नाही तर परवा जाईल. आणि तुझ्या अनुभवाच्या पत्राचंही परवाच बघू." बाहेर येऊन त्यांनी तपासणीच्या टेबलावरचं संमतीपत्र उचललं आणि खणात ठेवलं, फाडलं नाही. कागद वाया घालवणाऱ्यांतले ते नव्हते.

पाच वाजता बटणाच्या पायात सलाईनची सुई होती. औषधाचा डोस धाकटीने सात पूर्णांक चारने गुणून काढला आणि सिरिंज उजेडात धरून काकांनाही रेघ वाचायला लावली. शिंपीणबाई स्टुलावर बसून होत्या. औषध आत गेलं तशी त्यांनी पदराला टोचलेली सुई काढली आणि चिंधीच्या नव्या ओळीत पहिला टाका घातला. हिरवा.

डोळे दुसऱ्या सकाळी मिनिटाला एकतीस वेळा उडाले, तिसऱ्या सकाळी सहा वेळा. तिसऱ्या संध्याकाळी धाकटीने पाच मिनिटं सलग घड्याळ धरलं आणि कार्डावर शून्य लिहिलं. बटणाने त्याच वेळी काकांच्या डब्यातला पोळीचा तुकडा पळवला. पळवताना एकदाच पडला.

मोठे डॉक्टर चौथ्या दिवशी राउंडला आले, बटणाला काखेत धरून उचललं आणि बाहेर बाकावर आपापली जनावरं घेऊन थांबलेल्या माणसांना दाखवलं. "मेंदूत गाठ होती याच्या. बघा! हाताला गुण असावा लागतो." बाकावरच्या माणसांनी माना डोलावल्या. एकाने फोटो काढला. "साडेनऊ किलो," मोठे डॉक्टर डोळे मिटून म्हणाले.

"सात पूर्णांक पाच," धाकटी म्हणाली. या वेळी मोठ्याने, बाकापर्यंत ऐकू जाईल असं. "काटा तिथे आहे सर. ठेवून बघा."

त्यांनी ठेवून पाहिलं नाही. पण बाकावरची एक बाई आपलं मांजर घेऊन उठली आणि थेट काट्याकडे गेली. तिच्यामागून दुसरा माणूस. काकांनी तोंड फिरवून शॅम्पूची दोन खोकी पायाने आणखी लांब सरकवली. त्या संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी धाकटीला सांगितलं की पत्राची आशा धरू नकोस. ती "हो सर" म्हणाली नाही. "बरं" म्हणाली.

नवव्या दिवशी औषधं सगळी थांबलेली होती. शिंपीणबाई दुकान बंद करून आल्या. त्यांनी पिशवीतून कापडावर आखायचा खडू काढला, गुडघे टेकले आणि दवाखान्याच्या फरशीवर सहा मीटरची सरळ रेघ ओढली. रेघ सरळ असल्याची खात्री धाकटीने करायला घेतली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने ती कल्पना सोडून दिली. एका टोकाला काका डबा उघडून बसले. दुसऱ्या टोकाला बटणाला सोडलं.

तो निघाला. धाकटी शिंपीणबाईंनी गळ्यातून काढून दिलेली टेप हातात घेऊन त्याच्या बाजूने रांगत गेली, प्रत्येक पावलाला रेघेपासूनचं अंतर मोजत. दोनदा मोजलं. मग कार्ड उघडून लिहिलं.

वजन सात किलो सहाशे ग्रॅम. पंजा सरळ करायला एका सेकंदापेक्षा कमी, चारही पाय. सहा मीटरांत पडणं शून्य. रेघेपासून जास्तीत जास्त अंतर चार सेंटिमीटर.