आत येऊ का?

"आत येऊ का?"

"नाही," आतून आवाज आला. "टकटक ऐकू आली नाही. परत."

काकूंनी स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारावर पुन्हा टकटक केली. एका हातात पर्स होती, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी.

"आत येऊ का, सर?"

"या. आणि बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही."

"दूध फ्रिजमध्ये ठेवू का?"

"उमेदवार दूध घेऊन येत नाहीत."

"या उमेदवाराचं नासेल."

दूध ठेवलं गेलं आणि मुलाखत सुरू झाली.

इमारतीत काकूंच्या यजमानांना सगळे साहेब म्हणत. ऑफिसात मात्र साहेब दाराच्या आत बसत आणि हे दाराबाहेर. भरतीच्या दिवशी उमेदवारांची नावं पुकारायची, पाणी विचारायचं, एकेकाला आत सोडायचं, बाहेर आलेल्याला जिना दाखवायचा, हे यांचं काम. "उभा जन्म मुलाखती पाहण्यात गेला माझा," असं ते म्हणत, आणि ते अगदी खरं होतं. फक्त मध्ये दार होतं. काकूंना हे ठाऊक होतं. पण संसारात काही दारं लोटलेलीच बरी.

निवृत्त होऊन चार महिने झाले होते. तेवढ्यात साहेबांनी स्वयंपाकघराला शिस्त लावली. डबे वर्णानुक्रमे लागले. हाताशी कॉफी आली, जी या घरात कोणी पीत नसे, आणि साखर पार वरच्या फळीवर गेली. चहा करायचा म्हणजे आधी स्टूल आणायचं. मग गॅस किती मोठा असावा याबद्दल त्यांचं मत तयार झालं. मग ते झाकणं उघडून बघू लागले. असं सगळं छान चाललेलं असताना काकूंनी कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर पाटी वाचली : काउंटरवर बाई पाहिजे. अनुभवाची अट नाही. वेळ दहा ते सहा.

'दहा ते सहा' त्यांनी दोनदा वाचलं.

घरी सांगितल्यावर साहेब काय विचारतील, हे ठाऊकच होतं. या वयात, लोक काय म्हणतील, मला जेवायला कोण वाढेल, सगळ्याची उत्तरं त्यांनी जिन्यातच जुळवली होती. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तयारी कोण करून घेणार?"

"तुम्हीच की. दुसरं कोण आहे?"

साहेब उठले आणि त्यांनी शर्ट खोचला. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

"तर," आता ते टेबलापलीकडून म्हणाले, "ही नोकरी तुम्हाला का हवी आहे?"

काकूंच्या तोंडाशी आलेलं खरं उत्तर समोरच बसलं होतं, शर्ट खोचून.

"वेळ जात नाही म्हणून," त्या म्हणाल्या.

"चूक. वेळ जात नाही म्हणणाऱ्याला नारळ देतात, नोकरी नाही. म्हणा, आपल्या संस्थेच्या प्रगतीत माझा खारीचा वाटा असावा, म्हणून."

"चष्म्याच्या दुकानाची प्रगती म्हणजे लोकांचे डोळे बिघडणं. त्यात मी वाटा उचलू?"

"उमेदवाराने वाद घालू नये. तुमच्यातला एखादा दोष सांगा."

"गुडघे."

"शरीरातला नाही हो. स्वभावातला!"

"तो तुम्हीच सांगा. रोज सांगताच की."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. नापास केलं असावं. त्या आठवड्यात काकू रोज नापास झाल्या आणि साहेबांची भूक वाढली.

दुकानात जायच्या आदल्या दिवशी मात्र ते टेबलामागून उठून इकडे आले, आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर.

"हे बघ. पाणी विचारतील. पी. भिडेपोटी नको म्हणणारे आत जाऊन घशाला कोरड पाडून घ्यायचे. आवाजच फुटायचा नाही बिचाऱ्यांचा. आणि निघताना दार हळू ओढ. मागे कुणाची तरी पाळी असते."

एवढंच काय ते त्यांचं स्वतःचं, दाराबाहेरचं होतं. काकूंनी तेवढंच लक्षात ठेवलं.

दुकानाला टकटक करायला दारच नव्हतं. काच आपोआप सरकली आणि तालमीचा पहिला भाग वाया गेला. मालकीण लेकीच्या वयाची होती. तिने पाणी पुढे केलं. काकूंनी ग्लास रिकामा केला.

"नोकरी का करावीशी वाटतेय, काकू?"

"आपल्या संस्थेच्या..." काकूंनी सुरुवात केली. भिंतीवरचे शेकडो चष्मे त्यांच्याकडे रोखून पाहत होते. "खरं सांगू का? आमचे हे रिटायर झालेत."

मालकिणीने पेन खाली ठेवलं. मागे कोपऱ्यात एक बाई स्वच्छ चष्मा पुन्हा पुसत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"ही माझी आई," मालकीण म्हणाली. "बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले. तेव्हापासून रोज इथे असते."

"डब्यांना हात लावला का हो?" आईने विचारलं.

"वर्णानुक्रमे."

आईने डोळे मिटून घेतले.

"तसे स्वभावाने चांगले आहेत," काकू घाईने म्हणाल्या.

"चांगलेच असतात," आई म्हणाली. "पण दिवसभर असतात."

"सोमवारपासून या," मालकीण म्हणाली.

साहेब जिन्यातच उभे होते. "का हवी, ते विचारलं?"

"विचारलं."

"मग?"

"तुम्ही शिकवलं तेच. संस्थेची प्रगती, खारीचा वाटा."

"मी म्हटलं नव्हतं?" साहेबांनी कठड्यावर थाप मारली. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की काकूंना कुणी तयार केलं. रात्री जेवताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, "आणि पाणी?"

"सगळं प्यायले."

त्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि भात मागून घेतला.

सोमवारी काकू फाटकापर्यंत पोचल्या आणि लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. चष्म्याच्या दुकानात पहिला दिवस! त्या परत वर आल्या, किल्लीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबल्या.

साहेब पाठमोरे, स्वयंपाकघराच्या दारासमोर उभे होते. शर्ट खोचलेला. त्यांनी दारावर हलकेच टकटक केली.

"आत येऊ का?"

थोडा वेळ ते थांबले. मग स्वतःच दार ढकलून आत गेले. स्टूल ओढल्याचा आवाज आला. वरच्या फळीवरून डबा निघाला. अर्ध्या लोटलेल्या दारातून काकूंना दिसलं, साखर गॅसजवळच्या तिच्या जुन्या जागी आली होती. साहेबांनी डबा थोडा सरकवला, मागे होऊन पाहिलं, आणि पुढचा डबा काढायला पुन्हा स्टुलावर चढले.

चष्मा बाहेरच्या खोलीतल्या टेबलावरच होता, दोन पावलांवर. काकूंनी तो तिथेच राहू दिला. चष्म्याच्या दुकानात चष्म्यांना काय तोटा!

त्यांनी बाहेर होऊन दार हळू ओढून घेतलं, आवाज होऊ न देता.