राज्य सरकार विरुद्ध एक हिरवी पिकअप

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी पिकअप गाडी आहे आणि माझ्यावर एकदा खटला झाला होता. माझ्या मालकिणीवर नाही, माझ्यावर. न्यायालयाच्या कागदावर आरोपीच्या जागी तसे छापलेलेच होते: 'एक हिरवी पिकअप'. आमच्याकडे गुन्ह्यात वापरल्याच्या संशयावरून नुसत्या वस्तूवरही खटला चालतो आणि ती हरली तर सरकारजमा होते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग चकचकीत होता. पुढे मला ओपल व्हिटसेट यांनी विकत घेतले. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या पश्चिम भागात, जिथे लाल माती आणि वारा कधी संपत नाही, तिथे त्या नालबंद आहेत. घोड्यांचे खूर कापून, कानशीने सारखे करून त्यांना नाल ठोकणे हा त्यांचा धंदा. त्यांनी माझ्या मागच्या उघड्या हौद्यात ऐरण बोल्टने घट्ट बसवली, शेजारी छोटी भट्टी ठेवली आणि आम्ही गावोगावच्या तबेल्यांत हिंडू लागलो. कौतुकही पुष्कळ झाले. "ओपल एक वेळ उशिरा येईल, पण तिची गाडी बंद पडायची नाही," असे लोक म्हणत.

आमचे सर्वांत जुने चाहते म्हणजे कुत्रे. घोड्याचे खूर आणि तुमची नखे एकाच पदार्थाची असतात. कापलेल्या खुरांचे तुकडे कुत्र्यांना मिठाईसारखे वाटतात. आम्ही तबेल्यात शिरलो की ते माझ्या मागच्या फळीवर पुढचे पाय टेकून कुईकुई करत. ओपलबाई न बघताच मूठभर तुकडे फेकत. हौदा त्यांनी कधी झाडला नाही. आपला रोजचा वास आपल्याला येत नाही, तसे ते तुकडे त्यांना दिसेनासे झाले होते.

एका दुपारी महामार्गावर मागून लाल-निळे दिवे लागले. ओपलबाईंनी मला कडेला घेतले. जिल्हा पोलिसांतले डेप्युटी हॉलिस ट्रेंट खिडकीशी आले. ते शहरातून नुकतेच बदलून आले होते.

"मॅडम, मागचा दिवा बंद आहे तुमचा."

"तो बंदच असतो रे. वारं सुटलं की आपोआप लागतो."

ट्रेंट हसले नाहीत. त्यांची नजर हौद्यातल्या पेट्यांवर फिरत होती. त्यांनी आपल्या गाडीतून ब्रामला उतरवले. ब्राम हा अमली पदार्थ हुंगून काढायला शिकवलेला कुत्रा, अंगाने सडपातळ, तोंड काळे. माल सापडला की त्याने खाली बसायचे, ही त्याची ठरलेली खूण. तो माझ्याभोवती फिरला. चाके हुंगली, दारे हुंगली. मागच्या फळीपाशी येताच त्याने पुढचे पाय वर टेकले आणि कुईकुई केली. त्याची लाळ माझ्या पत्र्यावर सांडली. तो बसला नाही.

मला लगेच कळले. तोच आवाज, तीच लाळ. पण गाडीला सांगता कुठे येते?

"कुत्र्यानं खूण दिलीय," ट्रेंट म्हणाले.

त्यांना पेटीत पांढऱ्या पुडीचा डबा सापडला. तो टाकणखार होता. भट्टीत लोखंड जोडताना तो घालावा लागतो. ट्रेंटनी चिमूटभर पूड एका कुपीत टाकली. कुपीतले पाणी निळे झाले. अशी झटपट चाचणी अनेकदा भलत्याच गोष्टीला होकार देते, पण भर रस्त्यात ते कोण सांगणार?

"मॅडम, इथं सही करा. गाडीवरचा हक्क सोडला असं लिहून द्या. तुमच्यावर केस नाही, काही नाही. आत्ता घरी जाता येईल."

"गाडीशिवाय घरी कशी जाऊ? तुझ्या कुत्र्यावर बसून?"

"सही नसेल करायची तर गाडी जप्त होईल. मग कोर्टात भांडा."

"भांडेन," ओपलबाई म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या स्टिअरिंगवर होता. आवाज शांत होता, पण पकड आवळली होती. ते फक्त मला कळले.

मला न्यायालयामागच्या तारेच्या कुंपणात उभे केले. टायरमधली हवा उतरली, ऐरणीवर गंज चढला. तिकडे घोड्यांचे खूर वाढत होते. वाढलेल्या खुराने घोडा लंगडतो आणि धनी दुसरा नालबंद शोधतो. ओपलबाई दर आठवड्याला कुंपणाशी येऊन उभ्या राहत. "म्हातारे, आहेस ना?" एवढेच विचारत. मला सोडवता आले नाही तर त्यांचा धंदा संपणार होता.

माणसाला आरोप सिद्ध होईपर्यंत निर्दोष धरतात. मी माणूस नव्हते. मला वकीलही मिळाला नाही. ओपलबाईंवर तर आरोपच नव्हता, मग त्यांना तरी सरकार वकील का देईल?

सुनावणीच्या आदल्या दिवशी आवाराचा रखवालदार पाण्याची नळी घेऊन आला. लिलावात चांगल्या दिसाव्यात म्हणून जप्त गाड्या धूत असत. पाण्याचा फवारा हौद्यात शिरला. खुरांचे तुकडे एकेक करून वाहून चालले. माझा एकमेव पुरावा गटाराकडे निघाला होता आणि मला साधे दारही आपटता येत नव्हते. एक तुकडा ऐरणीच्या पायाखाली अडकला होता. पाणी तिथेही पोचले. तुकडा हलला, फिरला आणि बोल्टला जाऊन टेकला. रखवालदाराने नळी बंद केली.

दुसऱ्या दिवशी आत काय बोलणे झाले ते मला नंतर ओपलबाईंच्या तोंडून कळले. प्रयोगशाळेने पूड निर्दोष ठरवली होती. तरी सरकारी वकील म्हणाले, "पूड नसेल. पण कुत्रा खोटं बोलत नाही. या गाडीतून कधीतरी माल गेलेला आहे."

ओपलबाई न्यायाधीशांना म्हणाल्या, "बाईसाहेब, खटला गाडीवर आहे ना? मग आरोपीला न बघताच शिक्षा देणार?"

न्यायाधीश पेटीबोन या वयस्कर बाई. त्यांनी चष्मा काढला. "आरोपी कुठंय?"

"मागच्या आवारात."

"चला मग. आणि वकीलसाहेब, तुमचा चार पायांचा साक्षीदारही आणा."

सगळे उन्हात आले. ट्रेंटनी ब्रामला सोडले. तो चाकांकडे फिरकलाच नाही. सरळ हौद्यात उडी मारून त्याने ऐरणीखाली नाक खुपसले, पंजाने उकरले आणि तुकडा दातांत धरून आडवा झाला. कडकड असा चावण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"ब्राम, सोड," ट्रेंट म्हणाले. ब्रामने शेपूट हलवली आणि चावतच राहिला.

"काय खातोय तो?" सरकारी वकिलांनी विचारले.

ओपलबाई पुढे झाल्या. "अरे देवा. तू पण?" त्या कुत्र्याला म्हणाल्या. मग न्यायाधीशांकडे वळल्या. "खूर आहे, बाईसाहेब. माझ्या मागं सगळ्या जिल्ह्याची कुत्री लागतात. पण हा सरकारी. मला वाटलं, तो कशाला खाईल असलं काही?"

"माझ्याकडं तीन आहेत," न्यायाधीश म्हणाल्या. "नालबंद आला की घरात येत नाहीत." त्या ट्रेंटकडे वळल्या. "डेप्युटी, माल सापडला की हा काय करतो?"

"बसतो, मॅडम."

"त्या दिवशी बसला होता?"

ट्रेंटनी ब्रामकडे पाहिले. "नाही," ते म्हणाले.

मी सुटले. नवे टायर बसले, जुनी गिऱ्हाइके थोडी परतली, थोडी गेली ती गेलीच. पण एक बदल झाला. ओपलबाई आता प्रत्येक तबेल्यातून निघताना हौदा झाडतात, ऐरणीखाली बोट घालून बघतात. इतकी स्वच्छ मी कारखान्यातून निघाल्यापासून कधी नव्हते.

मागच्या महिन्यात महामार्गावर पुन्हा मागून दिवे लागले. ओपलबाईंनी मला कडेला घेतले. स्टिअरिंगवरची पकड तशीच आवळली होती. ट्रेंट खिडकीशी आले. त्यांनी टोपी काढली होती.

"मॅडम, काही नाही. ब्रामनं तुमची गाडी लांबून ओळखली, ओरडायला लागला. म्हटलं, एखादा तुकडा असेल तर..."

ओपलबाई म्हणाल्या, "नाही रे. मी आता झाडते."

ट्रेंटनी माझ्या रिकाम्या हौद्याकडे पाहिले. टोपी हातात फिरवली.

"हो," ते म्हणाले. "झाडणारच."

मित्रांनो, ब्रामवर माझा राग नाही. त्याला जे आवडले ते त्याने दाखवले. अर्थ लावणारी माणसे होती. उद्या तुमच्या एका शब्दावर कुणाचे काही हिरावले जाणार असेल, तर आधी वाकून बघा, ऐरणीखाली खरोखर काय आहे ते. वस्तू परत करता येते. तिच्या स्टिअरिंगवरची आवळलेली पकड मात्र अजून कुणाला सैल करता आलेली नाही.