ठोकेबाबांचा बंद माइक

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर ठोकेबाबांनी एका म्हातारीच्या छातीवर माइक टेकवला. स्पीकरमधून आवाज आला, खर्र-फूस, खर्र-फूस. बाबांनी 'हूंऽऽ' करून फुंकर मारली. लगेच धप-धप, धप-धप! लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

पुढचा नंबर प्रेक्षकांतल्या एका साउंडवाल्याचा. उभा जन्म माइक-स्पीकर लावण्यात गेलेला माणूस, पण हल्ली चार पायऱ्या चढला की धाप लागायची. हृदयाची एक झडप आखडली होती. सर्जनबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "झडप बदलू. ऑपरेशनमध्ये शंभरातले दोन-तीन दगावतात. नाही केलं, तर दोन वर्षांत निम्मे जातात." या शहाण्यानं त्यातलं 'दगावतात' तेवढं ऐकलं आणि ऑपरेशन रद्द करून इथे शर्ट काढून बसला.

"हृदय म्हणजे काय तुटकी चप्पल आहे, शिवून आणायला?" बाबा गरजले. "इथे शंभर टक्के हमी!"

खर्र-फूस. हूंऽऽ. धप-धप. साउंडवाल्याचे डोळे भरून आले. खाली येऊन तो बायकोला म्हणाला, "अगं, माणूस पोचलेला आहे! माइकचं बटण बंद होतं, या डोळ्यांनी बघितलं. तरी ठोके वाजले!"

"बंद होतं?"

"साफ बंद! आमच्या धंद्यात हे कुणाच्या बापाला जमायचं नाही!"

"अहो, आणि तरी तुमच्या डोक्यात उजेड पडला नाही? धन्य आहे तुमची!" ती तरातरा स्टेजवर गेली, बाबांच्या हातातला माइक ओढून घेतला, रिकाम्या खुर्चीला टेकवला आणि बाबांसारखंच 'हूंऽऽ' केलं.

धप-धप, धप-धप.

"घ्या! बाबांची खुर्चीसुद्धा ठणठणीत आहे."

कुणीतरी मागचा पडदा ओढला. तिथे बाबांचे मेहुणे लॅपटॉप घेऊन निवांत बसलेले. एक रेकॉर्डिंग आजारी हृदयाचं, एक धडधाकट. 'हूंऽऽ' ऐकू आलं की बदलायचं. सगळे बाबांकडे वळले, तर बाबा पसार. साउंडवाला शर्टाची बटणं लावत होता, तीही चुकीच्या काजात. घरचा जिना चढताना या 'बऱ्या झालेल्या' माणसाला धाप लागून मध्येच बसावं लागलं. बायको शेजारी बसली आणि रडली. "मला तुम्ही हवे आहात हो," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सर्जनबाईंना विचारलं, "ते दोन-तीन कोण, आधी कळत नाही?"

"नाही. कळलं असतं तर आकडा कशाला सांगितला असता? धोका कमी करायला जमेल ते सगळं करू. हमी मात्र देणार नाही."

तो भ्यालेला होताच. भीत भीतच ऑपरेशनला गेला.

आता त्याच्या छातीत धातूची झडप टिकटिकते. खोलीत शांतता असली की बायकोलाही ऐकू येते, माइकशिवाय. दवाखान्यात कुणी घाबरलेलं भेटलं की तो स्वतःची फजिती मीठमसाला लावून सांगतो. शेवटी म्हणतो, "भीती वाटू दे, त्यात लाज नाही. पण शंभर टक्के हमी देणारा भेटला की आधी त्याचा माइक खुर्चीला लावून बघा. मी नुसता टाळ्या वाजवत बसलो होतो."