सालामिसचे खांब

यासीन दाभोळचा. लादीकामात त्याचा हात चांगला बसलेला, म्हणून रियाधला अल मलाझमधल्या एका इमारतीवर काम मिळालं. तो येऊन महिना होतो न होतो तोच, एक्क्याण्णवच्या जानेवारीत, इराकशी लढाई पेटली. विषारी गॅसच्या भीतीने कंपनीने गॅस मास्क वाटले. यासीनचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अजून झाला नव्हता, यादीत नाव नव्हतं, त्यामुळे त्याला मास्कही मिळाला नाही.

एके दिवशी मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजनंतर हल्ल्याचा भोंगा वाजला. सगळे खोलीत शिरले, दाराच्या फटीत ओली फडकी कोंबली. यासीन भिंतीला टेकून कलमा पुटपुटत होता. तेवढ्यात सुपरवायझर कोस्तास आत आला. सायप्रस बेटावरचा, पन्नाशीचा. एक लादी तिरकी दिसली तर अख्खी रांग उखडायला लावणारा माणूस. त्याने स्वतःचा मास्क उतरवून यासीनच्या तोंडावर चढवला, पट्टा आवळला आणि आपल्या नाकाला ओला टॉवेल धरला.

"साहेब, मग तुम्ही?"

"गप्प बस. मी बोलतो ते ऐक," कोस्तास मोडक्या हिंदीत म्हणाला. "माझ्या गावाजवळ दोन हजार वर्षांचं जुनं शहर आहे, सालामिस. संगमरवरी खांब, बिनडोक्याचे पुतळे. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो..."

तो बोलत राहिला. दूर कुठेतरी धडाका झाला, काचा थरथरल्या, तरी तो थांबला नाही. गॅस आलाच नाही. पण त्या घटकेला ते कुणाला ठाऊक होतं?

मग रोज भोंगा झाला की यासीनच म्हणायचा, "साहेब, बेटावर चला." कधी कड्यावरचं कुरियनचं जुनं दगडी थिएटर, पायऱ्यांवर बसलं की खाली समुद्र. कधी पाफोसची चित्रांची जमीन, शेत नांगरताना सापडलेली, बोटाच्या पेराएवढे रंगीत खडे बसवून केलेली.

"खाली माल कसला घातलाय?" यासीनने विचारलं.

"चुना, वाळू, कुटलेली खापरं," कोस्तास खूश होऊन म्हणाला.

"आणि सालामिसला शेवटचे कधी गेलात?"

"चौऱ्याहत्तरला. तुर्कांची फौज उतरली, लढाई झाली, बेट दुभंगलं. आमचं घर पलीकडे राहिलं. आईला घेऊन निघालो, तेव्हापासून तिकडे पाऊल टाकता येत नाही."



फेब्रुवारी सरता सरता लढाई थांबली. यासीनने कचऱ्यातले लादीचे तुकडे वेचले, त्यांचे बारीक खडे फोडले आणि फळीवर सालामिस बसवायला घेतलं. खांब, पुतळे, मागे समुद्रात बुडणारा सूर्य. कोस्तासने ते पाहिलं, एकेका खांबावरून बोट फिरवलं.

"सूर्य चुकला," शेवटी तो म्हणाला. "आमचा समुद्र पूर्वेला आहे. तिथून सूर्य उगवतो."

"दर्या म्हटला की आमच्याकडे मावळतीच," यासीन ओशाळून हसला. त्याने आकाश उखडलं आणि पहाटेच्या रंगाचं पुन्हा बसवलं.

कोस्तास सुट्टीवर जाताना ती जड फळी छातीशी धरून घेऊन गेला. महिन्याने त्याचं इंग्रजीत पत्र आलं. ते खोलीतल्या रफीकने वाचून दाखवलं: "आईने विचारलं, हे चित्र करणारा आपल्या गावचा कुणाचा मुलगा? मी म्हटलं, हिंदुस्थानचा आहे, त्याने आपलं गाव पाहिलेलंही नाही. तिला पटत नाही. रोज सकाळी खुर्ची ओढून चित्रासमोर बसते. यासीन, तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार माझे?" यासीनचे डोळे भरून आले. असरच्या नमाजनंतर त्याने दुआसाठी हात उचलले. म्हातारीचं नाव ठाऊक नव्हतं, मग तो नुसतंच म्हणाला, "साहेबांची अम्मी."