सावत्र टाकीतली नळी

प्रयोगशाळेत गोठवणीच्या टाक्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि एक कोपऱ्यात वेगळी. ज्यांच्या वीर्यात विषाणू सापडला, त्यांच्या नळ्या तिच्यात. टाकीवाला तिला ‘सावत्र’ म्हणायचा. मुलाची उरलेली एकुलती नळी आता त्या सावत्र टाकीत हलवलीय, असं डॉक्टरीणबाईंनी सासू-सुनेला समोर बसवून सांगितलं.

कर्करोगाच्या उपचारांआधी मुलगा नळ्या ठेवून गेला होता. त्या घाईत विषाणूची तपासणी राहून गेली. पुढे कर्करोगाने तो गेला, नळ्या राहिल्या. त्यांतून सुनेला दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा गर्भ पडला. तेव्हापासून सासूचा हिशेब चोख होता: राहिला की जमा मुलाच्या नावावर, पडला की खर्च सुनेच्या. आजही जिना चढताना तिने ऐकवलंच होतं, “चिमणीएवढं खातेस. टिकणार कसं?”

“हा विषाणू शुक्रजंतूंनाच चिकटतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “धुऊनही सगळा निघत नाही. असं असलं की गर्भ पडायची भीती जास्त. पण तुमच्या बाबतीत हेच झालं, असं छातीठोक नाही सांगता येत.”

सासूने मान वर केली नाही. हिशेब उलटला की माणूस आपल्या चपलांकडे बघतो.

“मग थांबू,” सून म्हणाली. “वेळाने जात असेल ना तो?”

“जिवंत माणसाच्या अंगातून बहुतेकदा जातो. गोठलेल्यातून नाही. आहे तशीच वापरायची की नाही, तेवढं तुम्ही ठरवा.”

“एकदा बघू दे,” सासू म्हणाली.

सावत्र टाकीपाशी नेऊन टाकीवाल्याने झाकण उचललं. पांढरी वाफ काठावरून उतरली आणि सासूच्या पावलांवर पसरली. तिने पाय मागे घेतले नाहीत.

“एकटा म्हणून कधी घरी आला नाही मेला,” ती म्हणाली. “कुणाला तरी सोबत घेऊनच यायचा. मी कुरकुरायचे.”

“आणि ताट वाढायचात.”

“थंडी वाजत असेल का गं?”

“वाजली तरी सोबत आहे, आई.” सून डॉक्टरीणबाईंकडे वळली. “राहू दे आत. तो पुन्हा एकदा माझ्यातून गेला, तर मला नाही सोसणार.”

झाकण खाली येऊ लागलं तेव्हा सासूने टाकीवाल्याच्या मनगटावर हात ठेवला.

“सावकाश लावा,” ती कुजबुजली. “जाग येईल.”