मायलेकींचा ग्लोज

मी आकांक्षाचा सॉफ्टबॉलचा ग्लोज बोलतोय. डाव्या हातात घालायचा, जाड चामड्याचा. तीर्थपुरीच्या शाळेत खोक्यातून बाहेर निघालो, तेव्हा फळीसारखा ताठ होतो.

नववीतल्या आकांक्षाने हौसेने हात घातला, पण मी मिटेचना. पहिलाच चेंडू माझ्यावरून उसळला आणि तिचा ओठ फुटला. खेळाच्या भावना मॅडम म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी जालन्याला जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. तोवर ग्लोज मऊ कर, नाही तर बाहेर बसशील." मला फार अपराधी वाटलं.

घरी तिची आई दुर्गाबाई मला उलटून पालटून बघत म्हणाली, "नवी चप्पल चावती तसंच हाय हे. आण इकडं." तिने मला करडईचं तेल चोळलं, भाकरीच्या पिठासारखं मळलं. मग माझ्या पोटात चेंडू ठेवून जुन्या नाड्याने आवळलं आणि गादीखाली सारलं.

पण मी खरा मऊ झालो तो अंगणात. रोज शाळा सुटल्यावर दुर्गाबाई चेंडू फेकायची, आकांक्षा झेलायची. बाईने जन्मात चेंडू धरला नव्हता. पहिले दोन गोठ्याच्या पत्र्यावरच गेले.

एके दिवशी आकांक्षा म्हणाली, "माय, आता तू झेल."

"मी? लोक हसतेन की!"

"हसू दे."

दुर्गाबाईने पदर खोचला. तिसरा चेंडू थप्पकन माझ्यात बसला आणि ती अशी खळखळून हसली, की रानातून आलेले आकांक्षाचे वडील दारातच थांबले.

"काय चाललंय?"

"दिसून न्हाई राह्यलं? खेळून राह्यले!" दुर्गाबाई म्हणाली.

जालन्याला आकांक्षाने मागे पळत उंच चेंडू झेलला. निवड झाली. चार वर्षं आम्ही गावोगाव खेळलो.

आता ती पुण्यात शिकते. तिथे तिला नवा ग्लोज मिळाला, मी इथे खुंटीवर आहे. कधी दुपारी दुर्गाबाई माझ्यात हात घालून बसते. लेकीच्या बोटांचे खळगे आत तसेच आहेत.

परवा आकांक्षाचा फोन आला. "माय, भावना मॅडम सांगत होत्या, आपल्या शाळेतल्या प्रियदर्शनीकडं ग्लोज न्हाई. माझा दे तिला."

दुर्गाबाईने मला खुंटीवरून काढून मांडीवर घेतलं. "दुसरं काही माग की."

"माय, ग्लोजवाचून ती खेळायची थांबलीय गं."

"...बरं. देते. पण पहिले चार दिवस चेंडू मीच फेकणार, सांग तुझ्या मॅडमला."

उद्या मी निघतोय. प्रियदर्शनी, माझ्यात आधीच दोन हात राहून गेलेत. तुझ्यासाठी जागा करायला मला थोडे दिवस दे, बाळ.