डाव्या तळहातावरचे ऊन

सकाळचे ऊन आमच्या घरात एकदम शिरत नाही. आधी ते पूर्वेच्या खिडकीच्या गजांवर रेंगाळते. मग शहाबादी फरशीवर उतरते, आणि तो राखाडी दगड क्षणभर ओला असल्यासारखा दिसतो. घराला लागून असलेल्या आमच्या दुकानातून आलेली तुरीची बारीक धूळ त्या उजेडात सावकाश तरंगत राहते. तिला खाली यायची घाई नसते, वर जायचीही नसते. नंतर ऊन मांडी घालून बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यावर चढते आणि शेवटी त्याच्या उघडलेल्या डाव्या तळहातात येऊन साचते. त्या तळहाताकडे मी आयुष्यभर पाहत आले आहे.

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची डबी आहे. कन्नडमध्ये मला करडिगे म्हणतात. बसवकल्याणच्या एका सोनाराने मला घडवले, ते इष्टलिंग, म्हणजे लिंगायत माणूस गळ्यात बाळगतो ते छोटे शिवलिंग, जपण्यासाठी. दोऱ्यात ओवून मला राजेश्वर गावच्या शिवय्यांच्या गळ्यात घातले गेले. तेव्हा त्यांचे केस काळे होते. रोज स्नान झाले की ते मला उघडत, लिंग डाव्या तळहातावर घेत आणि त्याच्याकडे एकटक पाहत. पूजा संपली की लिंग पुन्हा माझ्यात येई. मला मिटताना एक बारीक आवाज होई. त्या आवाजानेच आमच्या घराचा दिवस सुरू होई. लोक म्हणत, अशी घडण आता होत नाही. मला त्याचा अभिमान वाटे.

गेल्या वर्षापासून मात्र काहीतरी निसटू लागले. शिवय्या गिऱ्हाइकाला तुरीऐवजी हरभरा मोजून देऊ लागले. त्यांचा चष्मा कोनाड्यात उघडाच पडून राहू लागला. मराठीत सुरू केलेले वाक्य कन्नडमध्ये जाई आणि तिथेही पुरे होत नसे. कित्येक दिवस त्यांनी मला उघडलेच नाही. ते उन्हात बसत, तळहात पसरत आणि त्यात तसेच पाहत राहत. त्यांना आता अंतरातले लिंग दिसत असेल, असे मी मनाशी ठरवले. मी स्वतःलाच हलकी वाटत होते. चांदी झिजते, असेही ठरवले.

अशातच कलबुर्गीहून किरणकुमार नावाचा तरुण संशोधक गावात आला. मेंदूच्या आत पांढरट तंतूंच्या वाटा असतात, आणि मेंदूच्या एका भागाचा निरोप त्यांच्यावरूनच दुसऱ्या भागाला जातो, असे त्याने सांगितले. त्यांना श्वेतद्रव्य म्हणतात. जन्मभर दोन भाषा बोललेल्या निरोगी म्हाताऱ्यांच्या या वाटा कशा टिकतात, हे त्याला पाहायचे होते.

"निरोगी माणूस पायजे ना? मग मीच हाय की," शिवय्या छाती काढून म्हणाले.

त्यांची मुलगी सुधारानी लगेच जायच्या तयारीला लागली. वडील निरोगी ठरावेत, एवढीच तिची इच्छा होती. ती त्यांना घेऊन कलबुर्गीला आली.

मेंदूचा एमआरआय काढणाऱ्या यंत्राच्या खोलीबाहेर किरणकुमारने अंगावरचे सगळे धातू उतरवायला सांगितले. शिवय्यांनी मला मुठीत धरले.

"लग्नात काढली न्हाई, टायफॉइडात काढली न्हाई. तुझ्या यंत्रासाठी कामून काढू?"

"अप्पा, आत लई मोठा चुंबक हाय. डबी तेवढी बाहेर ठेवा. लिंग सुती कापडात बांधून छातीवर राहू द्या. मी यंत्रवाल्यांना विचारून घेतलंय."

"आधी तुझं डोकं घाल त्यात. न्हाई अडकलं तर माझं घालतो."

"माझ्या डोक्यात काय हाय बघण्यासारखं, अप्पा?"

"ते खरं हाय," शिवय्या म्हणाले.

"अप्पा, लेकराशी कामून भांडायलाव?" सुधारानीने हसत त्यांच्या गळ्यातून मला काढून घेतले. ती खिडकीकडे वळली आणि तिने मला उघडले.

तिचे हसू ओठांवरच थांबले.

"बांधलीस का?" शिवय्यांनी विचारले. "सांभाळून गं. आत देव हाय."

तिने त्यांच्याकडे पाठ तशीच ठेवून कापडाला गाठ मारली. "व्हय अप्पा," ती म्हणाली आणि ती गाठ तिने त्यांच्या छातीवर नीट बसवली. शिवय्यांनी त्या गाठीवर हात ठेवला आणि निश्चिंत होऊन आत गेले. यंत्र मोठ्याने ठोकल्यासारखे वाजू लागले. किरणकुमारने सुधारानीच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग तिच्या हातातल्या माझ्याकडे, आणि तिच्याशेजारी बसला.

मित्रांनो, घरातला म्हातारा माणूस रोजच्या जागी, रोजच्या वेळी बसलेला दिसतो, म्हणून त्याचे सगळे ठीक चालले आहे असे समजू नका. त्याची पाठ पाहून आपल्या कामाला लागू नका. एकदा समोर येऊन बसा. त्याच्या तळहातात काय आहे, ते पाहा. मी तर त्याच्या छातीवरच होते, आणि तरी पाहिले नाही.

नंतर कळले, एका सकाळी पूजा संपल्यावर शिवय्यांनी लिंग चष्म्याच्या डबीत ठेवले होते आणि मला तसेच मिटले होते. तेव्हापासून मी रिकामी होते, आणि तो तळहातही.